मनीला घालवायचं का?

प्रश्न : मला तिसरा महिना चालू आहे. घरी मनी नावाची मांजर आहे. पोटातल्या बाळाला बाधू शकणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या जंतूच्या भीतीने सासूबाई तिला गावी सोडायला सांगतात. दिरांचं किडनी प्रत्यारोपणही झालंय. काय करू?

उत्तर : मनी घरातच राहू द्या. मांजरीच्या विष्ठेतून हा जंतू पडतो, पण बहुधा तिला पहिल्यांदा लागण झाल्यावर एक ते तीन आठवडेच. तोही लगेच बाधत नाही, त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून रेतीचा ट्रे रोजच्या रोज साफ व्हावा आणि ते काम नवऱ्याने करावं. तुम्ही नको, दीर तर मुळीच नकोत. मनीला कच्चं मटण घालू नका.

मला जास्त काळजी तुमच्या ओट्याची आहे, कारण हा जंतू मातीतून आणि कच्च्या मटणातूनही पोटात जातो. कोथिंबिरीच्या मुळांना चिकटलेली माती, मीठ बघायला चाखलेला अर्धकच्चा मटणाचा तुकडा, मटण कापलेल्या सुरीनेच चिरलेली काकडी. (मनीला बिचारीला उगाच वनवास!)

डॉक्टरांना विचारून रक्तातली आयजीजी, आयजीएम ही प्रतिद्रव्यं (लागण झाली होती का ते दाखवणारी) तपासून घ्या. गरोदरपणाआधीच लागण होऊन गेली असेल तर बाळाला सहसा धोका नसतो. नुसतं आयजीएम पॉझिटिव्ह आलं म्हणून घाबरू नका, पुढे अ‍ॅव्हिडिटी चाचणी असते, ती लागण जुनी की अलीकडची ते सांगते. पहिल्या तिमाहीत लागण बाळापर्यंत क्वचित पोचते, पण पोचली तर मेंदू-डोळ्यांना इजा जास्त.

दिरांचं वेगळं. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांमुळे शरीरात दबून बसलेला जुना जंतूही उठू शकतो. ताप, डोकेदुखी, फिट (आकडी) किंवा अंधुक दिसणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांकडे न्या.