वाचकांचे प्रश्न: हाय-गेन अ‍ॅम्पमधून क्लीन आवाज काढताना लूपचा उपयोग

प्रश्न: माझ्याकडे १०० वॉटचं ट्यूब हेड (स्पीकर वेगळा असलेला गिटार अ‍ॅम्प) आहे, हाय-गेनवालं, म्हणजे भरपूर डिस्टॉर्शन देणारं. डिस्टॉर्शन (फाटलेला, जाड आवाज) झकास येतं, पण आमच्या दोन गाण्यांची सुरुवात आर्पेजिओने (कॉर्डचे सूर एकेक सुटे छेडून) होते आणि तिथे क्लीन, म्हणजे न फाटलेला आवाज, काही केल्या मिळत नाही, गेन (डिस्टॉर्शन कमी-जास्त करणारा नॉब) खाली आणला तरी जरा जोरात छेडलं की चरचरतं. कोणीतरी म्हणालं व्हॉल्यूम पेडल लूपमध्ये, म्हणजे अ‍ॅम्पच्या सेंड आणि रिटर्न जॅकच्या मधे टाक, टाकलं, तर आवाज नुसता बारीक झाला, चरचर आहे तशीच. मग लूपचा काही उपयोग आहे की नाही? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: आहे, भरपूर आहे, फक्त पेडल चुकीच्या जागी बसलंय. सिग्नल आत कुठून कुठे जातो ते एकदा डोळ्यासमोर आणा. इनपुटमधून तो प्रीअ‍ॅम्पमध्ये (आवाज घडवणाऱ्या पहिल्या भागात) शिरतो, तिथे १२एएक्स७ ट्यूबचे तीन-चार टप्पे एकापुढे एक असतात, प्रत्येक टप्पा सिग्नल कित्येक पटीने फुगवून पुढच्याकडे ढकलतो आणि पुढच्याला तो पेलत नाही, वेव्हचं डोकं कापलं जातं, तेच आपलं डिस्टॉर्शन. हे सगळं उरकल्यावर सिग्नल सेंडमधून बाहेर येतो, पेडलमधून फिरतो आणि रिटर्नमधून पॉवर अ‍ॅम्पला (स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या भागाला) जातो. म्हणजे लूपपर्यंत आलेला आवाज आधीच तळून झालेला असतो. भजं तळून झालं की त्याचं पीठ परत होत नाही, तुम्ही फक्त ताटातली भजी कमी केलीत.

म्हणून कमी करायचं ते अ‍ॅम्पच्या आधी, आणि वाढवायचं ते लूपमध्ये. गिटारचा व्हॉल्यूम नॉब १० वरून ३ वर आणा, गेनला हात लावू नका, आणि एमायनर कॉर्ड एकेक तार सुटी छेडून बघा. डी तारेवर पिक लागल्याचा तो 'टक्' आधी ऐकूच येत नव्हता, आता येईल, आणि दोन तारा एकत्र वाजल्या की जी घासल्यासारखी खरखर यायची ती जाईल. मला तर हाय-गेन अ‍ॅम्पचा असा नॉबवर उतरवलेला क्लीन मुद्दाम बनवलेल्या क्लीन चॅनलपेक्षा आवडतो, त्याला थोडा उबदारपणा राहतो. अडचण एकच, ड्रमरने सुरुवात केली की हा आवाज बुडतो. इथे लूप कामाला येतो. सेंड आणि रिटर्नच्या मधे क्लीन बूस्ट (आवाज न फाडता फक्त मोठा करणारं पेडल) किंवा इक्यू पेडल (बेस, मिड्स, ट्रेबल वेगवेगळे कमी-जास्त करणारं) लावा आणि आर्पेजिओच्या वेळी तेवढं ऑन करा. बॉस जीई-७ सारख्या पेडलची लेव्हल १५ डीबीपर्यंत वाढते, म्हणजे व्होल्टेज साडेपाच पट, खरंतर ८-१० डीबीतच काम होतं. लेव्हल घरी लावू नका, ड्रम चालू असताना लावा, घरी बरोबर वाटलेली लेव्हल बँडमध्ये हमखास कमी पडते.

नॉब आणि पेडल दोन्ही एकदम सांभाळणं चालू गाण्यात जड जातं, तर तुमचं व्हॉल्यूम पेडल लूपमधून काढून गिटार आणि इनपुटच्या मधे लावा. त्याआधी ते किती ओहमचं आहे बघून घ्या. साध्या पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) पिकअपसाठी २५० के, म्हणजे २५० हजार ओहम लागतं, २५ केवालं लूपसाठी किंवा अ‍ॅक्टिव्ह (बॅटरीवाल्या) पिकअपसाठी असतं, ते पॅसिव्ह गिटारला लावलं की आवाजावर गोधडी टाकल्यासारखं होतं. नॉब खाली आणल्यावरही ट्रेबल थोडा जातोच, तो राखायचा तर गिटारच्या व्हॉल्यूम नॉबखालच्या पॉटवर १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि १५० के रेझिस्टर पॅरललमध्ये सोल्डर करून घ्या, ट्रेबल ब्लीड म्हणतात त्याला, पार्ट अगदी स्वस्तात मिळतात.

साध्या बूस्टपेक्षा मी इक्यू पेडल घ्या म्हणेन, त्याला कारण आहे. १९९२ मध्ये पीव्ही कंपनीने गिटारिस्ट एडी व्हॅन हेलनसोबत आणलेला ५१५० अ‍ॅम्प, जो पुढे ६५०५ नावाने निघाला, त्यात रिदम आणि लीड दोन्ही चॅनलना मिळून एकच इक्यू आहे, आणि असे अ‍ॅम्प बरेच आहेत. रिफसाठी मिड्स खाली ठेवले की तोच इक्यू क्लीनला लागतो आणि क्लीन पोकळ वाटतो. पेडलवर ८०० हर्ट्झ थोडा वर, १०० थोडा खाली, की गिटार पुन्हा समोर येते.

बूस्टबरोबर प्रीअ‍ॅम्पची सूंऽऽ पण वाढणार, हे धरून चला. शांत जागी फारच खुपली तर गेन दीड-दोन आकडे उतरवा, रिफला तेवढं काही कमी पडत नाही. लूपला मिक्स नॉब असेल तर तो पूर्ण वेटवर (सगळा सिग्नल पेडलमधूनच जाईल असा) ठेवा, नाहीतर मूळ सिग्नल शेजारून जात राहतो आणि बूस्ट अर्धाच लागतो.

प्रश्न: मी प्रीअ‍ॅम्प पूर्ण टाळायचा म्हणून क्लीन प्रीअ‍ॅम्प पेडल थेट रिटर्नला लावलं. क्लीन मस्त आला, पण पहिल्याच कॉर्डला एवढा मोठा आवाज झाला की घाबरून स्टँडबाय केलं. काही बिघडलं तर नाही ना? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: स्पीकर नीट वाजत असतील तर बिघडलं नाही. कल्पना बरोबर आहे, सगळ्यात स्वच्छ क्लीन असाच मिळतो. पण बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) लूपच्या आधी असतो, तुम्ही रिटर्नमधून आत शिरलात म्हणजे मास्टर मागेच राहिला आणि पॉवर अ‍ॅम्प पूर्ण उघडा. आता पेडलची लेव्हल हाच तुमचा मास्टर, ती शून्यावर ठेवूनच स्टँडबाय काढायचा आणि मग हळूहळू वर. प्रेझेन्स (वरच्या ट्रेबलचा नॉब) मात्र चालू राहतो, तो पॉवर अ‍ॅम्पमध्ये असतो.

दरवेळी केबल उपटायची नसेल तर सेंड-रिटर्न असलेला मल्टिइफेक्ट (अनेक इफेक्ट एकाच पेडलमध्ये) घ्या आणि चार केबल लावा: गिटार मल्टिच्या इनपुटला, मल्टिचा सेंड अ‍ॅम्पच्या इनपुटला, अ‍ॅम्पचा सेंड मल्टिच्या रिटर्नला, मल्टिचं आउटपुट अ‍ॅम्पच्या रिटर्नला. डिस्टॉर्शनच्या पॅचमध्ये (साठवलेल्या सेटिंगमध्ये) मल्टिचा लूप ऑन, क्लीनमध्ये ऑफ, म्हणजे एका पायात अ‍ॅम्पचा प्रीअ‍ॅम्प आत किंवा बाहेर. हम (सतत घूंऽऽ असा आवाज) आला तर आधी मल्टि आणि हेड विजेच्या एकाच बोर्डवरून लावून बघा, बऱ्याचदा तिथेच मिटतं.