रग धुवायला काढण्याआधी: तुमचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी पत्रांमधे रग, गालिचे, सतरंज्या यांचीच गर्दी आहे. वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली, बहुतेकांचा रग मळल्यामुळे खराब झालेला नाहीये, तो स्वच्छ करायला गेल्यावर खराब झालाय. म्हणून काही उत्तरं जरा लांबली आहेत.

प्रश्न: ताई, हॉलमधल्या ज्यूटच्या रगवर चहा सांडला. ओल्या फडक्याने पुसलं तरी डाग दिसत होता म्हणून कपडे धुवायची पावडर लावून ब्रशने घासलं आणि वरून मगभर पाणी टाकलं. आता वाळल्यावर चहाचा डाग फिकट झालाय पण त्याच्या तिप्पट मोठं तपकिरी कडं उमटलंय. परत एकदा नीट धुऊ का?

नाही, परत पाणी टाकू नका प्लीज. ते कडं चहाचं नाहीये, ते ज्यूटचं स्वतःचं आहे. ज्यूट म्हणजे तागाच्या खोडाची साल, त्यात लिग्निन नावाचं झाडाला कडकपणा देणारं द्रव्य असतं, साधारण १२ टक्क्यांच्या आसपास. लाकडात असतं तेच, आणि वर्तमानपत्राचा कागद उन्हात पिवळा पडतो तोही त्याच्याचमुळे. तुम्ही पाणी टाकलंत तेव्हा ते धाग्याच्या आत खोलवर गेलं, तिथला रंगीत अंश आणि आत साठलेली धूळ दोन्ही त्यात विरघळलं, आणि मग वाळताना पाणी जसजसं वर आणि कडेला सरकत गेलं तसतसं ते सगळं बरोबर घेऊन आलं, पाणी उडून गेलं आणि रंग तिथेच राहिला. म्हणजे जितकं जास्त पाणी तितकं मोठं कडं. त्यात कपडे धुवायची पावडर अल्कलाइन, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची, असते आणि अल्कलीने ज्यूट अजून पिवळं-तपकिरी होतं, त्यामुळे दोन्हीकडून मार बसला.

आता उपाय. पांढरं व्हिनेगर एक भाग आणि पाणी दोन भाग असं स्प्रेच्या बाटलीत घ्या, आधी रगच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर मारून वाळू द्या आणि रंग बदलत नाही ना ते बघा. ठीक असेल तर कड्यावर अगदी हलका फवारा मारायचा, धागा चिंब होता कामा नये, नुसता दमट. मग पांढऱ्या सुती फडक्याने दाबून टिपायचं. घासायचं नाही, घासलं की धाग्याचे तंतू उभे राहतात आणि तेवढा भाग कायमचा केसाळ दिसतो. आता त्याच्यावर कोरड्या पांढऱ्या फडक्याची किंवा टिश्यूची जाड घडी ठेवा आणि वरती एखादं वजन, रात्रभर तसंच राहू दे. यामागचं कारण सांगते म्हणजे लक्षात राहील: पाण्याला बाहेर पडायला जिथून वाट मिळते तिथेच रंग जमा होतो, तर ती वाट फडक्यातून काढून द्यायची, मग रंग धाग्यांच्या टोकांवर न बसता फडक्यात बसतो. सकाळी घडी काढा, फॅन लावून पूर्ण वाळवा आणि मगच ठरवा की परत करायचं का. एका वेळेत सगळं जाणार नाही, प्रत्येक वेळी थोडं फिकट होत जाईल. उरलं तर आजूबाजूला पण हलका फवारा मारून कडेची ठळक रेष मोडायची, डाग असला तरी रेष नसली की डोळ्याला टोचत नाही.

क्लोरीनचं ब्लीच मात्र चुकूनही नको, त्याने धागा कमजोर होतो आणि रंगही उलट पिवळट होतो. स्टीम क्लीनर पण नको, वाफ म्हणजे पाणीच आहे, आणि वर उष्णता.

पुढच्या वेळी काही सांडलं तर पहिल्या मिनिटात फक्त कोरडं फडकं, बाहेरून आत टिपत यायचं, फडक्याला काही लागेनासं होईपर्यंत. अर्धं काम तिथेच होतं.

प्रश्न: माझ्याकडे एक रग आहे, भेट मिळालेला, लेबल नाही. ज्यूट आहे का सिसल का अजून काही हे घरी कसं ओळखायचं?

हा प्रश्न खरं तर सगळ्यांनी सगळ्यात आधी विचारायला हवा, कारण एकाला चालतं ते दुसऱ्याला मारक ठरतं.

हाताने बघा आधी. ज्यूट मऊ, किंचित केसाळ, सोनेरी-तपकिरी. सिसल म्हणजे घायपाताच्या पानातला धागा, तो कडक, चकचकीत, अनवाणी पायाला टोचतो. काथ्या नारळाच्या सोडणातला, तो सगळ्यात राठ आणि गडद. सीग्रास गुळगुळीत, मेणचट, हिरवट झाक असलेला. लोकर आणि कापूस तर स्पर्शालाच कळतात, पण आजकाल मिश्र धागे खूप येतात, त्यामुळे खात्री करायची असेल तर मागच्या बाजूने एक धागा कापा, चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघा, खिडकी उघडी ठेवून, जवळ पाणी ठेवून. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि ज्योत लांब केली की आपोआप विझते. ज्यूट, कापूस, सिसल यांना कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख राहते. वितळून कडक मणी झाला तर तो सिंथेटिक, त्याला एवढं जपायची गरज नाही.

एका गोष्टीत फसगत होते ती म्हणजे व्हिस्कोस, लाकडाच्या लगद्यापासून कारखान्यात केलेला धागा. आर्ट सिल्क, बांबू सिल्क अशा नावांनी येतो, रेशमासारखा चमकतो आणि जळताना मात्र कागदाचा वास देतो. व्हिस्कोस ओला झाला की त्याची ताकद जवळपास निम्मी होते, लव चपटी बसते आणि वाळल्यावर पिवळट दिसते. तसा रग निघाला तर घरी पाणी लावूच नका, नुसता व्हॅक्युम करा आणि डाग पडला तर रग धुणाऱ्या जाणकार माणसाकडे द्या, देताना व्हिस्कोस आहे हे स्वतः सांगा.

प्रश्न: नवीन ज्यूट रग आणला, उघडल्यापासून रॉकेलसारखा वास येतोय आणि रोज खाली तपकिरी भुसा पडतो. माल खराब निघाला का?

बहुतेक नाही. गिरणीत ताग कातण्याआधी तो मऊ व्हावा म्हणून त्याच्यावर तेल आणि पाण्याचं मिश्रण मारतात, पारंपरिक पद्धतीत हे तेल खनिज असतं, त्याचाच हा वास. रग पूर्ण उलगडून हवेशीर खोलीत पसरा, मधेमधे उलटा करा, वास हळूहळू उडून जातो. वास घालवायला अत्तर, फ्रेशनर वगैरे मारू नका, त्यातलं तेलकट काहीतरी धाग्यात बसून त्यावर धूळ चिकटते.

भुसा पडणं हे पण ज्यूटचं नेहमीचं आहे, आखूड तंतू पिळून धागा केलेला असतो, सुटे तंतू सुरुवातीला जास्त गळतात, मग कमी होतात, पूर्ण थांबत मात्र नाहीत. व्हॅक्युम करताना फिरता ब्रश बंद ठेवा, फक्त ओढ असू दे, फिरत्या ब्रशने तंतू उपटले जातात आणि गळती वाढते. आठवड्यातून एकदा वरून करा आणि महिन्यातून एकदा उचलून खालून आणि खालची फरशी पण, कारण विणीतून बारीक रेती खाली उतरते आणि पायाखाली दाबली जाऊन तीच धागा कापत राहते. रग झिजतो तो नुसत्या चालण्याने नाही, या रेतीने झिजतो.

फक्त एक बघा, पडतंय ते तपकिरी तंतू आहेत का पांढरट-पिवळी भुकटी? भुकटी असेल तर ती रगच्या मागे लावलेल्या लेटेक्सची, म्हणजे रबरासारख्या थराची आहे, जुनं झालेलं लेटेक्स असं सुटतं. नवीन रगमधे हे होत असेल तर परत करा.

प्रश्न: आईचा लोकरीचा गालिचा सोफ्याखाली असतो. परवा सोफा हलवला तर त्याखाली टक्कल पडल्यासारखे पॅच आणि बारीक पांढऱ्या अळ्या! फार जीव आहे त्या गालिच्यात, वाचेल का?

वाचेल, पण आज कामाला लागा. याला कसर लागणं म्हणतात. अळी पांढरट आणि तोंडाशी तपकिरी असेल, जवळ रेशमासारखं जाळं असेल तर ती कपड्यांच्या पतंगाची, आणि तपकिरी केसाळ असेल तर कार्पेट बीटलची. खातात त्या अळ्याच, उडणारा तो बारीक पतंग स्वतः काहीच खात नाही, फक्त अंडी घालतो. लोकरीत केराटिन असतं, आपल्या केसा-नखांत असतं तेच, ते पचवणारे किडे मोजकेच आणि हे दोन त्यातले. त्यांना अंधार आणि शांतता लागते, म्हणून जिथे पाय पडतात तिथला गालिचा धडधाकट आणि सोफ्याखालचा खाल्लेला.

गालिचा बाहेर नेऊन उलटा टाकून झोडपा, मग दोन्ही बाजूंनी सावकाश व्हॅक्युम करा, कडा आणि गोंडे यांच्याजवळ जास्त वेळ द्या. व्हॅक्युमची पिशवी लगेच बांधून घराबाहेर टाका, घरातल्या डब्यात नको. अंडी मात्र झोडपून सगळी जात नाहीत. गालिचा छोटा असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि डीप फ्रीझरमधे उणे १८ अंशांना दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर पूर्ण नेहमीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर गार लोकरीवर बाष्प धरेल. गालिचा मोठा असेल तर कीड काढून देणाऱ्या रग क्लीनरकडे द्या. सोफ्याखालच्या फटी, पडदे, कपाटातले स्वेटर, सगळं तपासा, कारण फक्त गालिचा साफ केला तर ते परत येतात.

डांबर गोळ्या खाली सरकवून ठेवू नका. त्यांचा वायू बंद पेटीत साठला तर काम करतो, उघड्या खोलीत तो कीड मारण्याइतका साठत नाही आणि घरातली माणसं मात्र तो श्वासातून घेत राहतात. लव्हेंडरच्या पिशव्या वासाला छान, पण आत असलेली अळी त्याने मरत नाही.

आणि हो, घाबरून गालिचा गरम पाण्यात घालू नका! लोकरीच्या केसावर सूक्ष्म खवले असतात, गरम पाणी आणि घुसळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि गालिचा आटून नमदा होतो, तो परत सुटत नाही. डाग काढायचा असेल तर थंड पाणी आणि लोकरीसाठीचं सौम्य लिक्विड. एन्झाइमवालं डिटर्जंट नको, कारण त्यातलं प्रोटीन तोडणारं एन्झाइम लोकरीलाही सोडत नाही, लोकर म्हणजे प्रोटीनच की.

टक्कल पडलेले पॅच रफू करणारे कारागीर भरून देतात. आईचा गालिचा आहे, करून घ्या.

प्रश्न: सिसलच्या रगवर आमच्या मांजराने बऱ्याचदा शू केलीय. व्हिनेगर मारलं, बेकिंग सोडा टाकला, तरी पावसाळी हवा झाली की वास येतोच.

तुम्हाला खरं सांगायला हवं, हे पूर्ण जाणं अवघड आहे. लघवीतलं युरिक अ‍ॅसिड पाण्यात नीट विरघळत नाही, त्याचे स्फटिक धाग्यात बसतात आणि हवा दमट झाली की वास परत उठतो. त्यावर चालतो तो एन्झाइम क्लीनर, पण त्याला काम करायला बराच वेळ ओलं राहावं लागतं आणि सिसलला नेमकं तेच सोसत नाही. तरी एकदा प्रयत्न करायचा तर फक्त डागापुरता, वरच्या व्हिनेगरच्या उपायासारखंच आधी कोपऱ्यावर बघून, बाटलीवर दिलेला वेळ झाला की टिपून, रग चार ठोकळ्यांवर उचलून खालून-वरून फॅन लावायचा. खालची फरशी आणि पॅड पण बघा, पॅड भिजला असेल तर टाकून द्या. बेकिंग सोडा कोरडाच ठेवा, ओल्या सिसलवर तो अल्कलाइन होऊन डाग गडद करतो. आणि मांजर वारंवार करत असेल तर त्याला आधी डॉक्टरला दाखवा, मूत्राशयाचा त्रास असू शकतो.

एवढं करूनही वास राहिला तर त्या जागी सुती सतरंजी टाका असं मी म्हणेन. जिथे लहान मूल किंवा प्राणी आहे तिथे खाली पूर्ण धुता येईल असंच काहीतरी हवं.

प्रश्न: सुती सतरंजी मशीनमधे घातली तर चालेल का? आणि काथ्याचं पायपुसणं?

सतरंजी चालेल, जर मागे लेटेक्स नसेल, ती ओली झाल्यावर मशीनला पेलेल एवढीच असेल आणि रंग सुटत नसेल. रंगासाठी ओलं पांढरं फडकं प्रत्येक रंगावर मिनिटभर दाबून धरा, फडक्याला रंग लागला तर मशीन विसरा. कापूस ओला झाला की उलट मजबूत होतो, ज्यूटच्या अगदी विरुद्ध, त्यामुळे धुण्याने तो कमजोर होईल ही भीती नको, भीती आटण्याची, म्हणून थंड पाणी आणि आडवं पसरून वाळवणं. दोरीवर टाकली तर ओल्या वजनाने मधे ताणून वाकडी होते.

काथ्याचं पायपुसणं उलटं धरून आपटा, राठ ब्रशने झाडा, फारच चिखल असेल तर पाण्याचा फवारा मारून उभं टेकवून ठेवा. त्यात लिग्निन ज्यूटपेक्षा कितीतरी जास्त, ४० टक्क्यांच्या वर, म्हणून ते पाण्यात लवकर कुजत नाही. फक्त मागे रबर असेल तर दोन्ही बाजू वाळल्याशिवाय जमिनीवर टाकू नका, खाली ओल अडकून राहते आणि कुबट वास तिथूनच सुरू होतो.