तिथलं ऊन भाजत नाही, हवा सादळवते

तुम्ही विचारलंय, की डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आईवडिलांना घेऊन सोलापूरहून सिंगापूरला जाताय, "आम्हाला 43 अंशांची सवय आहे, तिथे 31 म्हणजे थंडच वाटेल ना? कपडे काय घ्यावेत?" माझी लेक तिथे राहते. तिच्या बाळंतपणात मी काही महिने तिथे होते आणि जाताना अगदी हाच हिशोब मनात होता. तो चुकला. म्हणून सविस्तर लिहिते.

सिंगापूरच्या नोंदींमधलं आजवरचं सर्वांत जास्त तापमान 37 अंश आहे. आपल्याकडे तेवढं मार्चमध्येच होतं. पण आपल्या उन्हाळ्यात हवा कोरडी असते. घाम आला की लगेच उडतो आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. म्हणून कडुनिंबाखाली बसलं की बरं वाटतं, म्हणूनच आपला कूलर चालतो. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर, चारी बाजूंनी समुद्र. पहाटे हवेतली आर्द्रता 90 टक्क्यांच्या वर जाते. हवेत आधीच इतकं पाणी, की घाम उडायला जागाच नाही. तो वाहत राहतो, अंग थंड होत नाही. सावलीत गेलात तर ऊन टळतं, चिकचिक टळत नाही. रात्रीही पारा 24-25 च्या खाली फारसा येत नाही. मी नेलेल्या कडक भाकऱ्या डबा नीट न लावल्यामुळे दुसऱ्या दिवशी सादळून वातड झाल्या. तिथली हवा कशी आहे ते मला त्या भाकरीवरून कळलं. शेंगाचटणी आणि भाकरी नक्की न्या, पण घट्ट झाकणाच्या डब्यात.

तर कपडे निवडताना एकच बघा: हे लवकर वाळेल का? सुती चांगलं, पण कुठलंही सुती नव्हे. जाड सुती घाम पितं आणि दिवसभर ओलं राहतं. आपल्याकडे गच्चीवर अर्ध्या तासात खडखडीत वाळणारा कुडता तिथे घरात दुसऱ्या दिवशीही दमट लागायचा. तिथले लोक खिडकीबाहेर बांबूवर कपडे वाळत घालतात, आणि पाऊस आला की धावत आत ओढतात. वडिलांना पातळ, सैल, अर्ध्या बाह्यांचे शर्ट द्या, बनियन दिवसाला दोन धरून. आईला इरकल किंवा खळ घातलेली साडी नको, तासाभरात तिचा चोळामोळा होतो. मऊ मलमलीची साडी किंवा सैल पंजाबी ड्रेस बरा. जीन्स एकही नको, ती वाळता वाळत नाही. घामोळ्याची पावडर मात्र घ्या. मांड्या, काखा, मान इथे पहिल्या दोन दिवसांत त्रास होतो.

आपला सोलापुरी टॉवेल घरीच ठेवा. जीव तुटतो हे लिहिताना, पण तो तिथे वाळत नाही आणि कुबट वास धरतो. पातळ पंचे न्या. कुणाच्या घरी उतरणार असाल आणि भेट न्यायची असेल तर सोलापुरी चादर न्या. लोक एसी लावून झोपतात, चादर रोज वापरात राहते.

एसीचं दुसरंही आहे. मेट्रो, बस, मॉल सगळीकडे कडक गारवा असतो. घामाने भिजलेल्या अंगाने वयस्कर माणूस आत शिरला की हुडहुडी भरते. दोघांच्या पिशवीत एक हलकी शाल किंवा पातळ स्वेटर आणि एक कोरडा पंचा कायम असू द्या.

डिसेंबर हा तिथल्या ईशान्य मोसमी पावसाचा महिना. वर्षाला तिथे 2,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्या जवळपास तिप्पट. एरवी दुपारी धो धो कोसळून तास-दोन तासांत थांबतो, पण डिसेंबर-जानेवारीत कधी दोन-तीन दिवस संततधारही लागते. रेनकोट घेऊ नका, आत घामानेच भिजाल. मजबूत काड्यांची छत्री घ्या. पायात मागे पट्टा असलेले रबरी सँडल. कोल्हापुरी भिजली की गेली, आणि चामड्याचे बूट बॅगेत राहिले तर बुरशी धरतात.

फिरण्याचं वेळापत्रक आईवडिलांच्या अंगावरून ठरवा. सकाळी बोटॅनिक गार्डन, दुपारी काचेखालची थंड ठेवलेली बाग किंवा एखादं संग्रहालय, संध्याकाळी लिटिल इंडिया. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली भरून घ्या आणि तहानेची वाट न बघता लिंबू, मीठ, साखर घालून पाजत राहा.

औषधं पाकिटातच ठेवा, सुट्या गोळ्या ओल धरतात. कुणाला कानाचं यंत्र असेल तर रात्री ते सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या डबीत ठेवायचं. झोपेच्या काही गोळ्या आणि कोडीन असलेली खोकल्याची औषधं न्यायला तिथल्या सरकारची आधी परवानगी लागते, चिठ्ठी घेऊन डॉक्टरांशी बोला. वडिलांना तंबाखूची सवय असेल तर आत्ताच सांगा: खायची तंबाखू तिथे नेता येत नाही, गुटखाही नाही. विमानतळावर या वयात तो मनस्ताप नको.

प्लग तीन चौकोनी पिनांचे असतात, एक ॲडॉप्टर पुरतो.

निघताना दमट कपडे वेगळ्या प्लास्टिक पिशवीत बांधा, आणि प्रत्येकाचा जाड स्वेटर बॅगेत सगळ्यांत वर ठेवा. जानेवारीच्या पहाटे सोलापूर स्टेशनवर उतराल तेव्हा तो लगेच हाताशी लागेल.