क्विलिंगमधून शरीररचना खरोखर अचूक दाखवता येते का?

कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेली शरीराची चित्रे केवळ शोभेची असतात का आणि नवख्याने सुरुवात कशापासून करावी, असे आपण विचारले आहे. मी नागपुरात वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीररचनाशास्त्र शिकवते आणि घरी हे काम करते, त्या अनुभवावरून लिहीत आहे.

अचूकता नक्की साधते. मात्र अवयवाचे बाह्यरूप न घेता आडवा छेद घ्यावा. हृदय बाहेरून दाखवताना वेटोळे नुसते रंग भरण्याच्या कामी येते. छेदात मात्र स्नायूंच्या जुड्या, रक्तवाहिन्या आणि नसा कापल्या टोकाकडून दिसतात, आणि कडेवर उभी केलेली पट्टीही तशीच दिसते. अमेरिकेतील लिसा निल्सन यांनी तुतीच्या सालीचा जपानी कागद आणि जुन्या पुस्तकांच्या सोनेरी कडा वापरून असे छेद केले आहेत. ते पाहिल्यावरच मला या कलेचे खरे सामर्थ्य कळले.

सुरुवात मांडीच्या मध्यावरच्या छेदापासून करावी. मधोमध हाडाचे जाड, घट्ट कडे, त्यात अस्थिमज्जा (हाडातला मऊ गर), भोवती स्नायू, आणि सर्वांत बाहेर चरबीची सैल, पिवळसर वेटोळी. मागच्या बाजूची सायटिक नस एकाच वेटोळ्याने दाखवू नका. ती अनेक जुड्यांची असते, म्हणून ज्वारीच्या दाण्याहून लहान अशी सात-आठ घट्ट वेटोळी एका पट्टीत बांधा. स्नायूंच्या जुड्या दाबून बसवाव्यात, कारण जिवंत मांडीत रिकामी जागा नसते. नमुना म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या ‘व्हिजिबल ह्यूमन प्रोजेक्ट’मधील छायाचित्रे उत्तम, त्यातील पुरुषदेहाचे १ मिलिमीटर अंतराने घेतलेले १,८७१ छेद १९९४ मध्ये खुले झाले. सीटी स्कॅनमधले छेद पायांकडून पाहिल्यासारखे मांडतात, त्यामुळे चित्राची डावी बाजू ही देहाची उजवी असते. नमुना कोणत्या बाजूने पाहिलेला आहे हे आधी तपासा, नाहीतर उजव्या मांडीची डावी होऊन बसते.

आपणही विदर्भातले असाल, तर कूलरपासून जपा. मे महिन्यात माझी अर्धी झालेली मांडी रात्रभर त्याच्या दमट झोतासमोर राहिली आणि टाचण्यांनी धरलेली, गोंद न लावलेली वेटोळी सकाळी सैल होऊन एकमेकांवर चढली होती. तेव्हापासून मी बारीक काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या महिन्यांतच करते, आणि उन्हाळ्यात उठण्यापूर्वी प्रत्येक जुडीच्या तळाशी फेव्हिकॉलचा थेंब लावून ती पक्की करते.