वाचकांचे प्रश्न : पणजोबांचा शोध

प्रश्न : आमचे पणजोबा छप्पनच्या (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० च्या) दुष्काळानंतर पारोळ्याकडील एका खेड्यातून चोपडा तालुक्यात आले, असे घरात सांगतात. सातबाऱ्यावर आजोबांच्या आधीचे नाव नाही. १९११ किंवा १९२१ च्या जनगणनेत पणजोबांचे नाव कोठे पाहावे?
– एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर : जनगणनेत ते नाव मिळणार नाही. आपल्याकडे १८७२ पासून शिरगणती होत आली असली, तरी प्रसिद्ध झाले ते गावांचे, जातींचे आणि धंद्यांचे आकडे. घरोघर लिहून घेतलेल्या नोंदी १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार कोणालाही पाहावयास मिळत नाहीत. विलायतेत शंभर वर्षांपूर्वीची गणना नावानिशी खुली होते, तशी अपेक्षा येथे धरू नये.

आपण माणसाऐवजी शेताचा माग काढावा. जुन्या कागदांत आडनाव बहुधा नसतेच, ‘किसन वल्द तुकाराम’ (तुकारामाचा मुलगा किसन) एवढेच असते. आणि असले तरी निम्म्या गावाचे पाटील किंवा चौधरी असते. सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेले फेरफार (जमिनीच्या हक्कातील बदलाची नोंद) क्रमांक घेऊन तहसीलच्या अभिलेख कक्षातून एकेक जुना फेरफार मिळवावा. एकत्रीकरण योजनेत, म्हणजे जमिनीचे तुकडे एकत्र करताना, नवे गट क्रमांक पडले असल्यास मूळ सर्व्हे नंबर आधी काढावा, नाहीतर माग तेथेच तुटतो. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा असल्याने आपल्या पणजोबांच्या हयातीतील व्यवहार त्यात सापडण्यास वाव आहे. वारसाच्या फेरफारात मयताचे नाव आणि सर्व वारस येतात. नावापुढे ‘अ.पा.क.’ असेल, तर मालक अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, असून दुसरा कोणी पालनकर्ता आहे असे समजावे. पालनकर्ती आई असल्यास तिच्या नावापुढे ‘कोम’ लिहून नवऱ्याचे नाव दिलेले असते, आणि अनेकदा हरवलेली पिढी त्या एका ओळीत हाती लागते.

पणजोबा भूमिहीन असतील, तर मात्र हा मार्ग खुंटतो. मग आजोबांच्या शाळेतील दाखल-खारज रजिस्टर आणि गावचे कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, पाहावी.

मूळ गावाच्या शोधात एक अडचण येईल. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता व त्याचे मुख्यालय धुळे होते. पारोळा तर त्या काळी अमळनेर तालुक्याखालील पेटा, म्हणजे पोटविभाग, होता. त्यामुळे पारोळ्यात नकार मिळाला तरी अमळनेर आणि धुळे येथे स्वतंत्र अर्ज करावा, अर्जात गावाचे नाव व अंदाजे वर्षे लिहावीत आणि कागद पाहण्यास जाताना मोडी वाचणारा जाणकार सोबत न्यावा.