झोपमोड आणि मेंदूचं वय: वाचकांचे प्रश्न

‘चाळिशीत झोप बिघडली की मेंदू लवकर म्हातारा होतो’ ही बातमी वाचून जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतून बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून त्यातले पाच इथे घेतले आहेत.

प्रश्न : वय ४६, अमळनेरला शिक्षिका आहे. साडेनऊला अंथरुणावर पडते, पण डोळा लागायला साडेदहा होतात. तीनला जाग येते, ती साडेचारपर्यंत. मग तासभर झोप आणि साडेपाचला गजर. अशा झोपेने मेंदू अडीच वर्षांनी म्हातारा होतो म्हणे. माझा झाला असेल का?

बातमी बहुधा २०२४ साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात आलेल्या अमेरिकी अभ्यासाची असावी. सरासरी चाळिशीतल्या ५८९ जणांना झोपेबद्दल विचारलं, पाच वर्षांनी तेच पुन्हा विचारलं, आणि सुरुवातीपासून पंधरा वर्षांनी मेंदूचा एमआरआय काढला. तक्रारी सहा धरल्या होत्या: झोपेचे तास कमी, एकूण झोप वाईट, झोप लवकर न लागणं, मध्येच मोडणं, पहाटे फार लवकर जाग येणं आणि दिवसा झापड. ज्यांना फार तर एक तक्रार होती त्यांच्या तुलनेत दोन-तीन तक्रारी असलेल्यांचा मेंदू सरासरी १.६ वर्षांनी, आणि तीनपेक्षा जास्त तक्रारी असलेल्यांचा २.६ वर्षांनी वयस्क दिसला. मेंदू किती आकसला आहे ते पाहून संगणक हे ‘वय’ काढतो. आकडा गटाचा आहे, तुमचा नाही. शिवाय वाईट झोपेमुळेच मेंदू आकसला हे यातून सिद्ध होत नाही. नैराश्य, रक्तदाब, मधुमेह या गोष्टी झोपही बिघडवतात आणि मेंदूही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या तज्ज्ञ आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं सांगितली. त्यांत रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणं आहे, झोप नाही. तेव्हा या बातमीच्या धास्तीने आणखी झोप घालवू नका.

त्याच अमेरिकी अभ्यासातली एक गोष्ट मात्र बातम्यांत फारशी आली नाही. मेंदूच्या वयाशी संबंध दिसला तो मोडक्या झोपेचा: लागत नाही, टिकत नाही, पहाटेच उडते, आणि हे वर्षानुवर्षं चालू राहतं. नुसत्या कमी तासांचा तसा संबंध या अभ्यासात दिसला नाही. तास अगदीच गौण आहेत असं नव्हे. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांच्या दीर्घ अभ्यासात पन्नाशी-साठीत कायम सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांना, सात तास झोपणाऱ्यांपेक्षा स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे ३० टक्के जास्त आढळला. पण तुमच्या पत्रात खरी अडचण दिसते ती तुटण्याची. आठ तास अंथरुणावर काढून झोप मिळते साडेपाच तास. अंथरूण आणि जागं राहणं यांची सांगड बसली आहे, ती मोडायची.

दोन आठवडे वही ठेवा: कधी पडलात, अंदाजे कधी लागली, कधी जाग आली, कधी उठलात. रात्री घड्याळ बघू नका, सकाळी अंदाजाने लिहा. तुमची सरासरी साडेपाच तास निघाली, तर अंथरुणावरचा वेळ सहा तासांवर आणा. उठायची वेळ साडेपाच, रविवारीही तीच. म्हणजे पडायची वेळ साडेअकरा. आधी कितीही पेंग आली तरी बसून राहा, आडवं होऊ नका. आठवडाभर सहापैकी किमान ५ तास ६ मिनिटं, म्हणजे ८५ टक्के वेळ, झोप लागली की पडायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे घ्या: सव्वाअकरा. पुढचा आठवडा जमला तर आणखी पंधरा. झोप मोडून वीसेक मिनिटं गेली असं वाटलं तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा. भाजी निवडा, जुना अंक चाळा, मोबाइल नको. पेंग आली की परत या.

पहिले आठ-दहा दिवस दिवसा फार पेंग येते, आणि बरेच जण इथेच ‘याने तर आणखी बिघडलं’ म्हणून सोडून देतात. ती पेंगच रात्रीची झोप घट्ट करते, म्हणून दुपारी पडू नका. त्या दिवसांत हायवेवर दुचाकी चालवू नका. फिट्स येत असतील, बायपोलर आजार असेल किंवा वाहन चालवणं हाच व्यवसाय असेल, तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. अंथरुणावरचा वेळ साडेपाच तासांखाली कोणीच नेऊ नये.

आणखी एक. ४६ व्या वर्षी तीनला जाग येताना घाम आलेला असतो का, अंग तापलेलं असतं का? तसं असेल तर ते पाळी जाण्याच्या काळातलं असू शकतं. त्यावर वेगळे उपचार आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : रावेर तालुक्यात केळी आहे. शेतीची वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत मोटर सुरू करायला बारा-एकला उठावं लागतं. आमच्यासारख्यांनी झोपेचं काय करायचं?

सल्ल्याआधी हे मान्य करायला हवं की हा दोष तुमच्या सवयीचा नाही, वेळापत्रकाचा आहे. ‘रात्री दहाला झोपा’ हे सांगणं तुमच्या कामाचं नाही.

पहिला उपाय यंत्राचा. मोबाइलवरून चालू-बंद होणारा स्टार्टर बसवा. त्यात तिन्ही फेज नसतील तर मोटर न चालवणारी आणि विहीर आटली तर मोटर बंद करणारी, अशा दोन्ही सोयी असाव्यात, नाहीतर झोप वाचेल आणि मोटर जळेल. वीज येताच आपोआप चालू होणाऱ्या ऑटो स्विचला महावितरणचा आक्षेप असतो, आणि तो रास्त आहे: सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या की रोहित्रावर भार येतो. मोबाइल स्टार्टरवर तुम्ही दहा-पंधरा मिनिटं थांबून मोटर सुरू करू शकता. बाग ठिबकवर असेल तर रात्री बांधावर उभं राहायची गरज तशीही कमी. नळी कुठे फुटली, फिल्टर चोंदला का, हे सकाळी बघता येतं. बिबट्या-सापाची धास्तीही तेवढीच कमी.

पाटाने पाणी द्यावं लागत असेल तर शेजाऱ्याशी सावड करा. एका रात्री तुम्ही दोघांच्या मोटरी बघा, दुसऱ्या रात्री तो. निम्म्या रात्री तरी सलग झोप मिळते.

जायचंच आहे त्या रात्री झोपेचे दोन तुकडे ठरवून करा. आठ-साडेआठला जेवून नऊ ते बारा पहिली झोप. परत आल्यावर लगेच दुसरी, खोली अंधारी करून. खिडकीला जाड गोधडी किंवा ताडपत्री चालते. चहा शेतात जाताना घ्या, येताना नको. प्यायलेल्या चहातल्या कॅफिनपैकी निम्मं साधारण पाच तासांनीही अंगात असतं. रात्री दोनला बांधावर पिलेला चहा तुमची दुसरी झोप खातो. उरलेली झोप दुपारी भरून काढा. एरवी आम्ही दुपारची झोप वीस-तीस मिनिटांची आणि तीनच्या आत सांगतो, पण रात्रपाळीच्या आठवड्यात दीड तास झोपलात तरी हरकत नाही.

प्रश्न : आमचे हे फार घोरतात. मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटतो, मग दचकून घुसमटतात. वय ५२, बीपीची गोळी चालू आहे. डॉक्टरकडे चला म्हटलं तर ‘घोरणं म्हणजे गाढ झोप’ म्हणतात. (शहादा)

गाढ नाही. घसा झोपेत मिटतो, श्वास दहा सेकंद किंवा जास्त अडतो, रक्तातला प्राणवायू घसरतो आणि मेंदूला धावपळ करून जागं व्हावं लागतं. याला ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात. तासाला असं पाच ते पंधरा वेळा झालं तर सौम्य, तीसच्या वर गेलं तर तीव्र. माणसाला सकाळी काहीच आठवत नाही, म्हणून तो ऐकत नाही. तुम्ही मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा. घरच्यांच्या सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. शिंप्याच्या टेपने मानेचा घेरही मोजा. तो ४० सेंटिमीटरच्या वर असेल, तर तुम्ही लिहिलेल्या बाकीच्या गोष्टी धरून (घोरणं, श्वास अडणं, बीपी, पन्नाशी, पुरुष) धोका जास्तच म्हणायचा.

कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांकडे झोपेची चाचणी करून घ्या. ती घरीही होते. सीपॅप यंत्र (मास्कमधून हवेच्या दाबाने झोपेत घसा उघडा ठेवणारं) लागलं तर बरेच जण मास्कपाशी हार मानतात. कडेने हवा फुसफुसत असेल तर पट्टे आणखी आवळू नका, मास्कचं माप बदलून घ्या. घसा कोरडा पडत असेल तर यंत्राच्या ह्युमिडिफायरमध्ये (हवा ओलसर करणाऱ्या भागात) डिस्टिल्ड पाणी घाला. बोअरचं नको, क्षार साचतात. आपल्याकडच्या धुळीत फिल्टर दर आठवड्याला बघा. वीज गेली तर मास्क काढून ठेवायचा. रोज किमान चार तास वापर झाला तरच तो धड वापर म्हणतात.

तोवर कुशीवर झोपणं, वजन उतरवणं आणि संध्याकाळची दारू बंद. दारूने झोप लवकर लागते खरी, पण घसा आणखी सैल पडतो आणि उत्तररात्र मोडते.

प्रश्न : धुळ्याला आई असते, वय ६८. दहा वर्षं अल्प्राझोलामची गोळी घेते. झोपताना मिश्रीही लावते. हल्ली विसरते. गोळी बंद करू का?

एकदम मुळीच बंद करू नका. इतक्या वर्षांनी अचानक तोडली तर झोप पूर्ण उडते, हात कापतात, क्वचित फिट येते. डॉक्टरांच्या देखरेखीत दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के, अशी कमी करत आणायला महिने लागतात. मध्येच त्रास वाढला तर त्याच मात्रेवर थांबतात, मागे जायची घाई करत नाहीत. या गोळ्यांनी स्मृतिभ्रंश होतो का यावर अभ्यासांत एकमत नाही, पण गोळीच्या अमलात रात्री लघवीला उठून पडणं आणि खुबा मोडणं हे मात्र नक्की वाढतं. संडासच्या वाटेवर आजच रात्रीचा छोटा दिवा लावा.

मिश्री म्हणजे तंबाखू, आणि निकोटिन झोप उडवतं. मिश्री आणि वर गोळी म्हणजे गाडीला एकाच वेळी ॲक्सिलरेटर आणि ब्रेक. निदान झोपेआधीची वेळ पहिली सोडवा. सर्दीच्या गोळ्याही बघा. झोप आणणाऱ्या जुन्या सर्दीच्या गोळ्यांनी या वयात तोंड कोरडं पडतं आणि गोंधळ वाढतो. विसरण्यासाठी थायरॉइड, बी-१२ आणि कान, तिन्ही तपासून घ्या. लघवीची, म्हणजे पाणी उतरवणारी, बीपीची गोळी रात्री असेल तर ती सकाळी घेता येईल का हेही विचारा.

प्रश्न : भुसावळला मे महिन्यात कूलर लावूनही झोप येत नाही. आणि माझं स्मार्टवॉच गाढ झोप फक्त ४० मिनिटं दाखवतं. (वय ३९)

कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी उघडी आहे का? बंद खोलीत हवा दमट होते, घाम वाळत नाही आणि कूलर निकामी ठरतो. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो, म्हणून सूर्य मावळल्यावर गच्चीवर पाणी मारा, उन्हाळ्याआधी चुन्याचा हात द्या, आणि झोपायच्या तासभर आधी आंघोळ करा. गच्चीवर झोपणार असाल तर मच्छरदाणी हवी. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा चालवा.

घड्याळाचं म्हणाल तर ते हालचाल आणि नाडीवरून अंदाज करतं. गाढ झोप ठरते मेंदूच्या लहरींवरून, आणि त्या मनगटावर मोजता येत नाहीत. किती वाजता पडलात आणि उठलात एवढ्यापुरतं ते ठीक आहे. दिवसा पेंग येत नसेल तर चाळीसचा आकडा सोडून द्या. येत असेल तर घड्याळ काढून पहिल्या उत्तरातली झोपेची वही सुरू करा.