'शहीद' कोरायचं की 'हुतात्मा'?

कोरेगाव तालुक्यातून प्रश्न आला आहे. गावात 26 जुलैला, कारगिल विजय दिनी, स्मृतिस्तंभाचं अनावरण आहे. संगमरवरावर 'शहीद जवान' लिहायचं की 'हुतात्मा जवान', यावरून ग्रामपंचायत आणि तरुण मंडळ यांची जुंपली आहे. 'शहीद' परका, म्हणून नको, असं मंडळाचं म्हणणं. बरोबर कोण?

परका म्हणून 'शहीद' काढायचा, तर त्याच ओळीत त्याच्याशेजारी उभा असलेला 'जवान' फारसी आहे, त्याचं काय करणार? 'फौज' अरबी, 'पलटण' इंग्रजी. (फलटण गावाचा पलटणीशी संबंध नाही, हेही एकदा सांगून टाकतो.) 'शहीद' म्हणजे मुळात साक्षीदार, आपल्या श्रद्धेची साक्ष प्राण देऊन देणारा. शब्द चांगलाच आहे. माझी कुरकुर वेगळी आहे. हल्ली चप्पल तुटली तरी ती 'शहीद' होते. इतका गुळगुळीत झालेला शब्द दगडावर कोरताना हात जरा अडखळतो. शिवाय लष्कराने 2022 मध्ये आपल्याच लोकांना पत्र पाठवून इंग्रजीतला 'मार्टर' हा शब्द टाळायला सांगितलं होतं.

'हुतात्मा' सावरकरांनी घडवला. हुत म्हणजे अग्नीत अर्पण केलेलं. 'आहुती' त्याच धातूची. यात स्वतःला वाहून टाकण्याची कल्पना आहे, लढण्याची नाही. आपल्या सातारा जिल्ह्यात तो नेमका कुठे बसतो ते पाहा. 9 सप्टेंबर 1942 ला वडूजच्या कचेरीवर तिरंगा घेऊन मोर्चा गेला, गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे व त्यांचे सोबती पडले. हातात झेंडा, समोर बंदुका. त्यांना 'हुतात्मा' म्हणताना तसूभरही खटकत नाही. तिकडे वाळव्याला तर 'हुतात्मा' म्हटलं की आधी कारखानाच आठवतो. 'औंदा ऊस हुतात्म्याला घातला' हे वाक्य तिथे कुणालाच विचित्र वाटत नाही, आणि कारखान्याला ज्यांचं नाव आहे ते हुतात्मा किसन अहिरही स्वातंत्र्यलढ्यातलेच.

सैनिक मात्र शस्त्र हातात धरून पडतो. त्याच्यासाठी मराठीत फार जुनी सोय आहे: धारातीर्थी पडणे. धारा म्हणजे इथे पाण्याची नव्हे, तलवारीची धार. काशी-प्रयागला देह ठेवला की जे पुण्य, ते रणात शस्त्राच्या धारेवर. म्हणून ती धारच तीर्थ. हीच कल्पना दगडात पाहायची असेल तर वाई तालुक्यात किकलीच्या भैरवनाथ मंदिराच्या आवारात जा. तिथे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, ओळीने उभे आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा. सर्वांत खाली वीर लढतोय किंवा पडलाय, त्यावर अप्सरा त्याला घेऊन निघाल्यात, त्याही वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय, आणि माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते असेतो याची कीर्ती. अक्षर बहुधा एकही नाही. नावाशिवाय उभे असलेले हे दगड तुमच्या स्तंभाचे पणजोबा म्हणायचे.

बखरीत याहून साधं लिहितात: 'कामास आले', 'खर्ची पडले'. गावाकडे अजून 'लढाईत कामी आला' ऐकू येतं. 'मिलिटरी' असंच बिरुद नावाला चिकटलेल्या अपशिंगे गावातले 46 जण पहिल्या महायुद्धात असेच कामी आले. 'वीरमरण आले' हेही चालेल, ते वर्तमानपत्रांनी रुळवलं आहे. 'वीरगतीला प्राप्त झाले' मला हिंदी बातम्यांचं वाटतं, पण त्यावरून भांडणार नाही.

तुम्ही न विचारलेल्या दोन गोष्टी. पत्रिकेवर 'कारगिल युद्धाचा वर्धापनदिन' छापू नका. वर्धापन म्हणजे वाढ. तो संस्थेचा, दुकानाचा असतो. युद्धाची वाढ कुणाला हवी आहे? 'विजय दिन' पुरेसा आहे. आणि श्रद्धांजली फक्त गेलेल्यांना. आमच्याकडे एकदा फ्लेक्स लागला होता, 'सर्व आजी-माजी सैनिकांना भावपूर्ण श्रद्धांजली'. पेन्शनीत आलेले एक सुभेदार तो दोनदा वाचून म्हणाले, "मला कुणी कळवलंच न्हाई की!" हयात माणसांना सत्कार, सन्मान, अभिवादन, काहीही चालेल.

तर माझी ओळ अशी: 'देशासाठी लढताना धारातीर्थी पडलेल्या आपल्या गावच्या वीरांना अभिवादन'. खाली हुद्दा, नाव, पलटण, ठिकाण, तारीख. जागा अपुरी पडली तर वरची ओळ छोटी करा, हुद्दा आणि पलटण गाळू नका. नावामागे 'कै.' नको, तो घरच्या फोटोखाली शोभतो. आणि खोदणाऱ्याला मजकूर हाताने लिहूनच द्या: 'स्मृती' सुटा असेल तर ती दीर्घ, 'स्मृतिस्तंभ' मध्ये ति ऱ्हस्व. संगमरवरावर खाडाखोड होत नाही.